आसारामबापूंचे वेस्ट एंड

मी, दिनकरराव लिंबाजी काष्टे, वय बासष्ट, धंदा शेती, राहणार सेलू, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत. मी माझ्या बाजूने आहे.

१. घर पत्नी कस्तुराबाई हिचे. शेत चिरंजीव पंडित याचे. यावर वाद नाही.

२. वाद मनगटी घड्याळांचा आहे. चाळीस वर्षांत एकतीस जमवली. सगळ्यांना चावी देईपर्यंत रोज चहा गार होतो. कस्तुराबाई म्हणते, "तुमच्या माघारी पाचच ठेवीन. एवढ्यांला चावी द्यायला मी काय रिकामी हाय?" तेव्हा पाच मीच निवडतो, नाहीतर ती पट्टे बघून निवडील.

३. रोमर राहील, विहिरीत पडूनही चालते. दोन्ही फेवर ल्युबा राहतील. एचएमटी जनता राहील, ते पंडितच्या मॅट्रिकचे. पंडित पास झाला नाही, पण घड्याळ आधीच घेतले होते. उरलेली ज्याला हवी त्याला द्यावीत. शेजारी तात्यारावांना मात्र एकही नाही. "बघून देतो" म्हणून एक नेले आणि पेचकसाने त्याचे झाकण उचकटले.

४. पाचव्यावर तीन दिवस अडलो. माझ्या हातातले वेस्ट एंड सगळ्यांत लाडके, पण ते माझे म्हणवत नाही. सन पन्नासला आमच्या लग्नात, पंगतीला नवरदेवाने रुसायची रीत म्हणून मी रुसलो. "घड्याळ पाहिजे" म्हणालो आणि ताटाला हात लावेना. सासरे आसारामबापू पूर्णा स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंटमन. त्यांनी स्वतःच्या हातातले काढून माझ्या हाताला बांधले. मी पोटभर जेवलो. बुंदीचे चार लाडू खाल्ले.

परवा भाजी निवडता निवडता कस्तुराबाई म्हणाली, "मग बापू वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला टाइम इचारत ड्युटीवर जायचे." चाळीस वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. मला फार लाज वाटली.

५. म्हणून हे घड्याळ बापूंचे चिरंजीव, माझे मेहुणे भुजंगराव यांचे. कानपिळीला त्यांनी दहा वर्षांच्या वयात माझा कान असा पिळला की तीन दिवस ठणकला. तो राग आज सोडला. वकील म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, आणि साक्षीला मला भुजंगरावच पाहिजेत. तेव्हा मरेपर्यंत थांबलो नाही. लिहिता लिहिता काढून त्यांच्या हाताला बांधले. "दाजी, ऱ्हाऊ द्या की," म्हणाले, पण हात पुढे केलाच. पाचवे कस्तुराबाईने तिच्या मनाने ठेवावे.

स्थळ : सेलू. दिनांक १२ मे १९९०.

(सही) दिनकरराव लिंबाजी काष्टे

साक्षीदार :
(सही) किशनराव रोडगे, राहणार सेलू. वाचून सही केली.
(सही) भुजंग आसाराम गिराम, राहणार पूर्णा. दाजींनी माझ्या समक्ष सही केली. तवा आमच्या बापूच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झालती.