हजार वर्षांचा बर्फ

९ जानेवारी, पुंता अरेनास बंदर, चिली
आज जहाजावर रुजू झाले. बार माझ्याकडे. केबिन एवढीशी, पण गोल खिडकीतून अख्खी सामुद्रधुनी दिसते. माझी पिशवी उचलताना दुय्यम अधिकारी लिसांद्रोने विचारलं, एदेल्मिराबाई, चिलोए बेटावरून अख्खं बटाट्याचं शेतच उचलून आणलंत की काय? फार दिवसांनी हसले.

आडनाव माहेरचं लावलंय. कॅप्टन डॉन एलादियोने ओळखलं नाही. हस्तांदोलन केलं; त्याचा हात चांगला गरम होता.

गेल्या हंगामात या बारवर माझी मिलेन्का होती. एकोणीस वर्षांची. पाहुण्यांच्या व्हिस्कीत हिमनदीचा बर्फ घालायची इथली रीत. तो वेचायला या कॅप्टनने तिला होडीतून एकटीला पाठवलं. बर्फाचा कडा कोसळला आणि याने जहाज वळवून नेलं. चौकशीत लिहून दिलं, की पोरगी कुणाला न विचारता गेली, होडी उलटताना मी पाहिली, थांबण्यात अर्थ नव्हता.

खरं काय ते त्याने सगळ्यांसमोर बोलावं. नाही बोलला, तर तिच्या जागी जावं. एवढ्यासाठीच आलेय.

१० जानेवारी
खाडी शांत. बर्फ आला, निळसर, काचेसारखा. ग्लासात टाकला की तडतडतो; आत कोंडलेली जुनी हवा सुटते. पाहुण्यांना याचंच कौतुक. मी कान लावला. तडतडीतून बारीक आवाज आला: परत फिरा, डॉन एलादियो.

भास, म्हटलं. पण पाहुण्यांतल्या निवृत्त शिक्षिका ग्रिसेल्दाबाई एक घोट घेऊन हसता हसता थांबल्या आणि माझ्या लेकीच्या आवाजात तेच म्हणाल्या. मग लिंबू मागितलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

कॅप्टन ताट टाकून उठला.

११ जानेवारी, सकाळ
आज हिमनदीसमोर दिवसभर मुक्काम. नाश्त्याला चार टेबलांवरून तोच आवाज. लिसांद्रोला वाटतं पाहुणे थट्टा करताहेत. कॅप्टन बर्फाला शिवत नाही, थर्मासातलं गरम पाणी ओतून ‘माते’ नावाचा कडू पाल्याचा चहा दिवसभर नळीने ओढतो.

मी बर्फ वितळवला. उकळला. त्याच्या थर्मासात भरला.

दुपार
दोन घोटांत कॅप्टन पांढराफटक. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, भोंग्यावरून बोल, सगळ्यांना ऐकू दे. बोलला नाही. ती बोलावतेय, एवढंच पुटपुटला. स्वतः होडी सोडली, एकटाच कड्याकडे निघाला. पाहायला फक्त मी.

मी अडवलं नाही.

तीन वाजता
कडा कोसळला. मोठी लाट. लिसांद्रो धावत आला, कॅप्टन कुठेत विचारत. होडी दूरवर, बर्फाच्या तुकड्यांत. तरंगत होती. मला दिसत होती.

मी सांगितलं, कुणाला न विचारता गेले. होडी उलटली, मी पाहिली. थांबण्यात अर्थ नाही.

त्याने छातीवर क्रूस काढला. जहाज वळलं.

गोड वाटलं. खोटं का लिहू? फार गोड वाटलं.

सव्वातीन
दुर्बीण घेतली. त्याला हात हलवताना पाहायचं होतं, आपण मागे राहिलो हे कळताना —

होडीत दोघं आहेत.

तो वल्हवतोय. जीव तोडून, आमच्याकडे. त्याचा कोट तिच्या खांद्यावर. ओले केस. ती —

साडेतीन
वर जाऊन ओरडले. मघाशी मी खोटं बोलले, थांबा, माझी मुलगी आहे तिथे. लिसांद्रोने दुर्बीण लावली. हळूच म्हणाला, मावशी, पाणी रिकामं आहे हो. धक्क्याने होतं असं. चला, बसा खाली.

रिकामं नाही. मला दिसतेय. लहान होत चाललीये. आता ती त्याला हाक मारत नाहीये, तोंड माझ्याकडे, हात वर, म्हणतेय परत फिर, आई, परत —