पान १४३ ची दुरुस्ती

अवधपुरी, भोपाळ
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. अबोली,

गिरीशमामाचे पुष्कळ आशीर्वाद. इकडे ठीक. थंडी आहे, गुडघा आहे. प्रमिलामामीकडे दोन्हींवर एकच उपाय, तिळाचं तेल.

तुझ्या पुस्तकाची प्रुफं वाचली. शब्दकोश मांडीवर घेऊन सगळी, आणि दुसरं प्रकरण तीनदा. मला वाटायचं, राज्य म्हणजे राजा, किल्ला, फौज. तू म्हणतेस, आधी कोठार असतं, आणि कोठारात कुणाला किती धान्य द्यायचं याची यादी लिहिणारा बसलेला असतो. दळणारी बाई दिवसभर राबते, पण तिचं माप लहान, कारण यादीत तिच्या नावापुढचा शब्द लहान. आणि तिथून हजारो वर्षं ओलांडून तू थेट आपल्या भोपाळच्या करोंद मंडीत येतेस, धान्य चाळणाऱ्या बायांजवळ! दहावी झालेल्या माणसाला इंग्रजीतलं अर्थशास्त्र कळावं, असं लिहिलंस. ते पान प्रमिलाला मराठीत करून सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी इंदूताईंवर गेलीय." मला 'मामावर' ऐकायचं होतं.

आता चुका. पान ६१, तक्ता ४: बेरीज शंभर हवी, नव्व्याण्णव येते. पान ८८ वर 'चाळणी' दोनदा छापलंय. नकाशात करोंद दक्षिणेला गेलंय. ते उत्तरेला आहे, मी तिथे सायकलनं गेलेलो आहे.

पान १४३. तुझ्या मुलाखतींतली उत्तरदाती क्रमांक सतरा. नाव दिलेलं नाहीस, पण डाव्या हातानं ट्रेसिंग करणारी, म्हणजे नकाशे पातळ कागदावर शाईनं गिरवणारी, मनगटाला शाई लागू नये म्हणून रुमाल बांधणारी बाई आमच्या कारखान्यात एकच होती. तुझी आई. ती सांगते, काम भावाइतकंच, पगार त्याच्या दोन तृतीयांश, कारण मालकानं मस्टरवर तिच्यापुढे 'हेल्पर' लिहिलं.

हे चूक आहे.

मालकानं लिहिलं खरं, पण आधी मला विचारलं होतं. "गिरीश, दोनों को ट्रेसर लिख दें?" मी वीस वर्षांचा. म्हणालो, "मुझे लिखिए. दीदी तो मेरी मदद करती हैं." तोवर माझ्या रेघांची शाई फुटायची आणि ताई अर्ध्या ब्लेडनं ती खरवडून, कागद नखानं घोटून, वर नवी रेघ ओढायची. नकाशा वाचायला तिनंच शिकवलं. आणि नंतर सगळ्यांना मी सांगत राहिलो, कुणी शिकवलं नाही, स्वतः शिकलो. तूही आभारात तेच लिहिलंयस.

चौतीस वर्षं ते खरवडायचं राहिलं.

काल मिसरोदला गेलो. ताई मटार सोलत होती. म्हटलं, "ताई, हेल्पर लिहायला मी सांगितलं होतं."

"माहीत आहे. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं. आणि तुझा आवाज तेव्हाही असाच होता."

"मग अबोलीला मालकाचं नाव का सांगितलंस?"

"ती तुला फार मानते रे." एक शेंग सोलून झाली. "राहू दे आता. पुस्तक छापून होऊ दे."

"पुस्तकात चूक राहील."

"दुसऱ्याच्या चुका काढण्यात तुझा जन्म गेला," ती म्हणाली आणि मटारचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "काढ मग एक स्वतःची. आणि हे सोल, मदत कर."

ती हसत होती की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. जे नक्की नाही ते लिहीत नाही.

तर तिला विचारून दुरुस्ती पाठवतोय. पान १४३ वर 'मालकानं' काढून 'भावाच्या सांगण्यावरून मालकानं' असं कर. तुझ्या पुस्तकातला यादी लिहिणारा कुठल्या तरी जुन्या कोठारात नाही, अवधपुरीत आहे, आणि नाव छापलंस तरी हरकत नाही. हे वाचून मला मानणं कमी झालं तर तेही बरोबरच धरीन. तुझं पुस्तक मात्र चोख हवं. ते तेवढ्या योग्यतेचं आहे.

शेवटचं. आभाराच्या पानावर 'स्वतः शिकलेले माझे मामा' आहे, ते काढून टाक. पहिलं नाव ट्रेसर इंदुमती यांचं घाल. त्याखाली जागा उरली, तर माझ्या नावापुढे काय लिहायचं ते खाली दिलं आहे.

तुझा मामा,
गिरीश
(हेल्पर)