यंदा बैल मिरवू नका

सप्टेंबर १९९८

तीर्थरूप तात्या,

दिगूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा आहे, जेवतो आहे. हे पत्र आधी एकट्यानं वाचा.

टीव्हीवर आमच्या तळाचं पडलेलं विमान दाखवलं ना, त्यात मी होतो. घोटा मुरगळलाय, बाकी अंगाला काही नाही. मला उडायला शिकवणारे बराड सर मात्र गेले.

इंजिनानं पेट घेतला तेव्हा सर आवाज न चढवता म्हणाले, "दिगंबर, पहले तू." धुरात मला पट्टा सापडेना, तो त्यांनीच सोडला. जळतं विमान त्यांनी पेरणीच्या तासासारखं सरळ धरलं, म्हणून मला उडी मारता आली. छत्रीला लोंबकळत मी पाहिलं, खाली वस्ती होती. ती ओलांडून त्यांनी विमान माळावर नेलं. तोवर त्यांना उडी मारायला उंचीच उरली नाही.

असा माणूस मी पाहिला नाही, तात्या. रागावले की मागून चहा पाठवायचे. आईनं दिलेली मासवडी निम्मी त्यांनीच संपवली, आणि पोळ्याला पिंपरी पेंढारला येतो म्हणाले होते.

आईचा गुडघा कसा आहे? मला हल्ली झोप कमी लागते, ते तिला सांगू नका.

एक मागणं आहे. भावकीत कुणी गेलं की आपण पोळ्याला बैल मिरवत नाही. यंदा मिरवू नका. आई विचारील, कोण गेलं? म्हणा, दिगूचा मोठा भाऊ.

तुमचा,
दिगंबर