दुसरी किल्ली

दादा,
बाबांची गाडी मोडीत काढायला नेतेय. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली नाही, तो तेल सरळ गटारात ओततो. गाड्या मोडायच्या कारखान्यात तेल, बॅटरी वेगळी काढून घेतात, वर दाखलाही देतात. कागदांवर बाबांनी सही केली. कशावर, ते विचारलंसुद्धा नाही.

परवा त्यांनी शाळेच्या फाटकावर गाडी घातली. मुलं वर्गात होती म्हणून निभावलं. घरी येईपर्यंत ते विसरलेही. आता माझ्यात त्राण नाही रे.

बाबांनी विचारलं तर गाडी गॅरेजला आहे म्हण. वाद घालू नकोस.

कारखानावाले दोन्ही किल्ल्या मागतात. मी एक हरवली म्हणून सांगणार आहे. ती दारामागच्या खिळ्यावर आहे. बाबा रोज सकाळी ती खिशात घालून बसतात, बसू दे.

– छोटी