राहिलेली मूठभर माती

सोलापूर, श्रावण शके १८७०

तीर्थस्वरूप शांताक्का यांना गुरुलिंगचा शरणु शरणार्थ.

आम्ही सगळे खुशाल आहोत. शेंगाचटणीचं दुकान बरं चाललंय. तुमच्या पायाची सूज उतरली का? मुरुमात दूध मिळतं का?

माझा डावा खांदा तेवढा धरलाय, काळजी करू नका. परवा एक म्हातारं गिऱ्हाईक चटणी चाखून म्हणालं, "बाळा, मीठ जरा बेतानं." अगदी आपल्या अप्पांचा आवाज. मी हसून पुडी बांधली अन् तिथंच खांद्यात कळ आली. सकाळी पूजेला बसलो तर इष्टलिंग घेतलेला डावा हात छातीपर्यंत येईना.

तुमच्या भावजयीनं, इरम्मानं तेल चोळलं. म्हणाली, "मार न्हाय, लचक न्हाय. अप्पा गेल्याचं कळलं त्या दिवशीबी तुम्ही दुकान उघडलं. रडलात कधी?"

म्हटलं, "रडलो असतो तर चटणी खारट झाली असती." ती हसली नाही. मग मलाही हसता येईना.

अक्का, रझाकारांनी वाट अडवली होती म्हणून तेव्हा येता आलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. खांद्याला ते कुठं कळतंय? सगळ्यांनी अप्पांना माती दिली, माझीच राहिली.

अव्वाला खांद्याचं सांगू नका, आईचा जीव, घोर लावून घेईल. धंदा बरा आहे, एवढंच सांगा.

वाट मोकळी झाली की आधी अप्पांकडं जाईन, मग घरी येईन. तोवर समाधीवर दगड बसवू नका.

तुमचा धाकटा,
गुरुलिंग