तरंगरावाचे शुद्धिपत्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि माझ्यावर कोणाचे दडपण नाही. हृदयाची मात्र खात्री देता येत नाही, म्हणून ही घाई. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःविषयी फारच चांगले लिहिले होते.

कलम १. शिडी. ती मावसभावाकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याने ती चार दिवसांसाठी नेली. ती मी त्यालाच देतो, म्हणजे निदान कायद्याने तरी तो सुटेल.

कलम २. तळमजल्यावरची राहती खोली. वडिलांनी वाटणी करायला घेतली तेव्हा मी आठवडाभर लंगडत होतो. 'दादाला जिना चढवत नाही' म्हणून खालची कोरडी खोली मला मिळाली आणि वरची गळकी धाकट्या भावाला. कागदावर सह्या झाल्या त्याच संध्याकाळी माझा पाय बरा झाला. धाकट्याने मला फाटकापर्यंत झपाझप जाताना पाहिले आणि 'बरं झालं बाबा' एवढेच म्हणाला. ही खोली धाकट्या भावास (हे दोन शब्द खोडले आहेत, कलम ६ पाहावे) धाकट्या भावाच्या मुलीस द्यावी.

कलम ३. हातांची खुर्ची. छापखान्याच्या मालकांच्या आई वारल्या तेव्हा मी त्यांना जन्मात पाहिलेले नव्हते, तरी सगळ्यांत मोठ्याने मीच रडलो. पुढच्याच महिन्यात मुख्य मुद्रितशोधकाची जागा मला मिळाली, आणि तिच्याबरोबर ही खुर्ची. ती जागा माझ्या शेजारी बसणाऱ्या थोरल्या सहकाऱ्यांच्या हक्काची होती. ते आता नाहीत. खुर्ची त्यांच्या पत्नीकडे पोचवावी. कोणी पाठवली ते विचारले तर सांगावे. मालकांस माझ्याकडून काही नाही, त्यांनी ते गृहीत धरलेच असेल.

कलम ४. पुस्तक. 'तरंगरावाचे उद्योग' या माझ्या बारा विनोदी गोष्टी. तरंगराव म्हणजे कुठल्याही पाण्यात टाका, वर येणारच. तो वाटणीच्या वेळी लंगडतो, परक्या घरी जाऊन रडतो, दोन्ही बाजूंना हो म्हणतो आणि जिंकणाऱ्याच्या पंगतीत आधीच बसलेला असतो. लोक म्हणत, लेखकाची कल्पनाशक्ती दांडगी. कल्पनाशक्ती कसली, रोजनिशी होती ती!

मूळ लिखाणात तरंगराव मुद्रितशोधकच होता. शेवटचे प्रूफ हातात आले आणि मी घाबरलो. मालक वाचतील, रडण्याचा प्रकार ओळखतील, खुर्ची जाईल. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढण्यात माझा जन्म गेलेला. एका दुपारी बसून मी तरंगरावाला घड्याळजी करून टाकले. घड्याळे दुरुस्त करायचा धाकटा. मग त्याची छत्री, बोलण्याआधी घसा खाकरणे, उठताबसता 'बघू या की' म्हणणे, सगळे उचलून तरंगरावाला चिकटवले. उद्योग माझे, चेहरा त्याचा.

कलम ५. पुस्तक खपले. धाकट्याच्या दुकानात गिऱ्हाइके हसत येऊ लागली. "काय तरंगराव, घड्याळ आमच्यासमोरच उघडा हं, नाहीतर आतला माल बदलाल!" हळूहळू मस्करीची कुस्करी झाली. लोक खरेच समोर उभे राहू लागले, मग येईनासे झाले. ज्याने कधी दुसऱ्याचा एक स्क्रू ठेवून घेतला नाही त्याने दुकानाला कुलूप लावले आणि कारखान्याच्या फाटकावर हजेरीचे घड्याळ सांभाळायची नोकरी धरली. भावजयीने माझ्याशी बोलणे टाकले. धाकट्याने मला काहीच विचारले नाही. मी दहा उत्तरे तयार ठेवली होती. एकोणीस वर्षे तो आलाच नाही आणि मीही जिना चढलो नाही. मला फार वाईट वाटते.

म्हणून कपाटातल्या उरलेल्या सर्व प्रतींत आणि वाचनालयातल्या प्रतींत पुढील शुद्धिपत्र चिकटवावे: 'तरंगराव घड्याळजी नव्हता. तरंगराव म्हणजे लेखक.' डिंक चांगला वापरावा.

कलम ६ (आज सकाळी वाढवलेले). दुसरे साक्षीदार म्हणून बोलावलेले आमच्या छापखान्यातले जुने खिळे जुळवणारे आजारी पडले. धाकट्याला मी, हे ऐकायला ये, अशी चिठ्ठी पाठवली होती, तो आला. छत्री तीच. मी त्याला वकिलांसमोर वरची पाचही कलमे वाचून दाखवली. त्याने घसा खाकरला.

"मला माहीत होतं, दादा. पुस्तक आलं त्याच आठवड्यात कळलं."

"कसं?"

"पान त्रेपन्न. तरंगरावाच्या बोटाला लाल शाई लागलेली आहे. घड्याळजीच्या बोटाला तेल लागतं."

सगळीकडे बदलले, तेवढी एक ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. हा माझा धंदा.

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

यावर मी जे रडलो ते कोणाला दाखवायला नव्हते.

मग तो वकिलांना म्हणाला, "दुसरी सही मी करतो." वकील म्हणाले, "अहो, ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. सही केलीत तर खोली जाईल."

"जाऊ द्या. मला सहीच करायची आहे."

तेव्हा मी लाल पेन घेतले आणि कलम २ मध्ये धाकट्याच्या जागी त्याची मुलगी घातली. आयुष्यातला हा माझा शेवटचा डाव. धाकट्याने पाहिले आणि म्हणाला, "बघू या की." शुद्धिपत्राला त्याने हरकत घेतली नाही. एवढेच म्हणाला, "पान त्रेपन्नला हात लावू नकोस. अख्ख्या पुस्तकात तेवढीच ओळ तू माझ्यासाठी ठेवलीस."

मी ती ठेवली नव्हती, ती राहून गेली होती. हे मी त्याला सांगितले नाही. इथे लिहितो, म्हणजे तो सही करण्याआधी वाचेल.

लिहून देणार: थोरला भाऊ, मुद्रितशोधक (सही)

साक्षीदार पहिले: समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरे: धाकटा भाऊ, घड्याळजी. वाचले. (सही)

ठिकाण: तळमजल्यावरची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी सव्वाअकरा, धाकट्याच्या घड्याळाप्रमाणे