काटा कितीवर आहे?

३ मार्च

नऊ केंद्रं बंद! सकाळी प्रोग्रॅमने लालेलाल यादी समोर टाकली. एकूण बावीस केंद्रं, प्रत्येकात लसींचा एक फ्रीज, फ्रीजला जोडलेला छोटा संगणक. तो संपर्कात आहे की नाही, हे माझ्या प्रोग्रॅमने सांगायचं. पंधरा दिवसांची परीक्षा. नापास झाला तर तोही घरी आणि मीही घरी.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नऊही ठिकाणी फोन लावले. चौदा वर्षं त्या रोज सकाळी हेच करतात — बावीस केंद्रं, बावीस फोन. सगळे फ्रीज गार, सगळे संगणक चालू. "जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहू नकोस गं," एवढंच म्हणाल्या.

दुपारी उलगडा झाला. मी पिंग करत होते, म्हणजे नुसती हाक मारत होते — आहेस का? आणि त्या नऊ ठिकाणी अशा हाकांना उत्तरच द्यायचं नाही, असं संगणकांची सुरक्षा बघणाऱ्याने ठरवून ठेवलंय. ओ आली नाही म्हणजे घरात कोणी नाही, हे माझं शहाणपण.

५ मार्च

पिंग काढून टाकलं. तापमान पाठवायचं काम ज्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या ज्या दारातून चालतं, तिथेच आता प्रोग्रॅम जोडणी मागतो. तीन सेकंद वाट बघतो. मिळाली की हिरवा. बावीसच्या बावीस हिरवे! साहेब येऊन बघून गेले. मी जरा मिरवलेच.

८ मार्च

मिरवणं नडलं. चौदा नंबर हिरवा आणि तिथला फ्रीज अकरा अंशांवर. आठच्या वर जाता कामा नये. फ्रीजचं दार नीट लागलं नव्हतं. संगणक जोडणी देत होता, पण तापमान पाठवणारं काम पहाटेपासून अडकून पडलेलं. आत शुद्ध नाही, दार मात्र उघडतंय.

कळलं ते बाईंच्या फोनमुळे. त्या 'ठीक आहे ना?' असं कधीच विचारत नाहीत. "त्याला सगळे हो म्हणतात," म्हणाल्या. "मी विचारते, काटा कितीवर आहे? उठ, बघून ये, मी फोन धरते." लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आला तर माणसाला पुन्हा उठवतात. कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत आमच्या बाई!

लसी वेळेत दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवल्या. साहेब म्हणाले, आणखी एक चूक आणि हे सगळं बंद.

९ मार्च

दिवसभर बाईंचा फोन कसा चालतो ते ऐकत बसले आणि तसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये उतरवला. जोडणी मिळाली की तापमान विचार. कधी मोजलंस तेही विचार. पाच मिनिटांपेक्षा जुनं असेल तर लाल. उत्तर आलंच नाही तर लगेच बोंब नको, तीनदा विचार. बाई तीनदाच फोन लावतात, मग शेजारच्या दुकानदाराला पाठवतात. दुकानदार मात्र प्रोग्रॅममध्ये बसवता आला नाही.

शिकले मी कॉलेजात. अक्कल इथे येतेय.

१२ मार्च

आज काही घडलं नाही. देवा, असंच राहू दे.

१५ मार्च

सहा नंबर लाल. आकडा पाच अंश, एकदम सुरेख, पण चाळीस मिनिटांपूर्वीचा. बाईंचा फोन तिथवर पोचायचा होता. त्यांनी लावला, माणसाला उठवलं. काटा साडेसातवर आणि चढता! वाचलं सगळं.

बाई माझ्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. "आता तू माझ्या आधी पोचतेस," म्हणाल्या आणि मनापासून हसल्या. इतकं कौतुक माझं आईनेही कधी केलं नसेल. या बाई चुकत कशा नाहीत, हेच मला कळत नाही.

१८ मार्च

प्रोग्रॅम पास. मी कायम. कागद घ्यायला गेले तर फाईलमध्ये तळाशी बाईंचं पत्र, मी रुजू होण्याच्या दोन महिने आधीचं — 'गेल्या मंगळवारी एका केंद्राला फोन न करताच मी वहीत पाच अंश लिहिलं. कंटाळा आला होता. सुदैवाने काही बिघडलं नाही. यापुढे माझ्यावर विसंबू नये. प्रोग्रॅम करणारं माणूस आणावं, मी शिकवीन. ते तयार झालं की माझी जागा रद्द करावी.'

खाली साहेबांची सही. आजच्या तारखेची.